लढाई संपल्यानंतरचे हसू : नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर

मराठी रंगभूमीवर लढायांना तोटा नाही. पण लढाई संपल्यावर माणसाचे काय होते, तलवार म्यानात गेल्यावर शूराला समाज कुठल्या रांगेत बसवतो, आणि जो कधी लढलाच नाही तो पराक्रमाच्या गप्पा मारत कसा मिरवतो, हे प्रेक्षकांना हसवत दाखवणारी नाटके फार थोडी. त्यांतले सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे ‘संगीत मानापमान’. त्यातली पदे आपल्याकडच्या प्रत्येक नाट्यसंगीताच्या बैठकीत होतात. त्यातला उपहास मात्र आपण बहुतेक विसरलो आहोत. म्हणून या लेखात त्या नाटकाचे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे चरित्र थोडे वेगळ्या बाजूने सांगायचे आहे.

आपल्या इंदूरकरांना हा विषय परका वाटू नये. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. शेजारी महूला इंग्रजांची छावणी बसली. म्हणजे आपले शहर राजधानी झाले ते एका हरलेल्या लढाईच्या पाठोपाठ. माळव्यात घोड्यावरून आलेली घराणी इथे स्थिरावली, वाडे उभे राहिले, देवघरात टाक आणि भिंतीवर ढाल-तलवार राहिली. लढाई गेली, मानमरातब, नेमणुका आणि दरबारातल्या जागा उरल्या. अशा समाजात शूर कोणाला म्हणायचे? आजोबांच्या तलवारीचा मान नातवाने कुठवर सांगायचा? खाडिलकरांनी जे विनोदी नाटक लिहिले त्याच्या बुडाशी हाच प्रश्न आहे.

कृष्णाजीपंतांचा जन्म नोव्हेंबर १८७२ मध्ये सांगलीचा. सांगली म्हणजे विष्णुदास भाव्यांचे गाव. मराठी नाटकाचा पाळणाच तिथे हलला. शालेय शिक्षण सांगलीत आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्यात घेऊन ते १८९२ मध्ये बी. ए. झाले. काही काळ सांगलीच्या शाळेत शिक्षकी केली. वकिलीचा अभ्यासही केला, पण मन रमले ते लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त. शेक्सपिअर वाचलेला, पेशवाईच्या बखरी मुखोद्गत असलेला हा तरुण लिहायला बसला तेव्हा त्याने पहिला विषय निवडला तोच विलक्षण होता.

‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ हे नाटक त्यांनी १८९३ च्या सुमारास लिहिले. ते रंगभूमीवर आले १९०६ मध्ये. विषयाची पार्श्वभूमी आठवून पाहा. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले अशा मराठ्यांच्या साऱ्या फौजा एकत्र उभ्या राहिल्याचा तो शेवटचा मोठा प्रसंग. तुकोजीराव होळकरांची फौजही त्यात होती. तरुण पेशवा स्वतः मोहिमेवर होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, विजयाला आठ महिनेही झाले नसताना, तो एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यात उंचावरून खाली कोसळला आणि गेला. खाडिलकरांनी खर्ड्याचा विजय बाजूला ठेवला आणि त्यानंतर पोखरत गेलेले एक मन रंगमंचावर आणले. संशय, धाक, एकटेपणा आणि भ्रम यांनी ग्रासलेला नायक मराठी नाटकाला त्यात मिळाला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटची आणि ऑथेल्लोची सावली त्यावर आहे हे सगळेच मानतात. पण दु:ख आपल्या मातीतले आहे.

१९०९ च्या ‘भाऊबंदकी’तही तेच. तिथे नारायणरावांचा खून होऊन गेलेला आहे. नाटक चालते ते त्या खुनाच्या ओझ्यावर : राघोबांची चलबिचल, आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा आणि रामशास्त्र्यांचा न डगमगणारा न्याय. प्रसंग होऊन गेल्यावर माणसाच्या आत काय उरते, याकडे खाडिलकरांचा डोळा पहिल्यापासून होता.

मात्र हा गृहस्थ घरात बसून युद्धाच्या कल्पना रंगवणारा नव्हता. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ते नेपाळात गेले. वरवर पाहता तिथे त्यांनी कौलांचा कारखाना काढला. आतला बेत होता शस्त्रे तयार करण्याचा. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले होते, त्यावरचा हा उपाय. टिळकांच्या वर्तुळातील मोजक्या लोकांनाच त्याची कल्पना होती. बेत तडीस गेला नाही. खाडिलकर परत आले ते हात रिकामे घेऊन. कौले भाजायला शिकलेला नाटककार मराठीत दुसरा झाला नसेल! पण हा अनुभव पुढच्या लेखनाच्या दृष्टीने मोलाचा ठरला. लढाईची गोष्ट बोलायला सोपी आणि करायला किती अवघड, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यामुळे नुसत्या बोलणाऱ्यांची त्यांना पुढे जी चीड दिसते ती पुस्तकी नाही.

नेपाळहून आल्यावर त्यांनी हाती राहिलेले एकच हत्यार चालवले, ते म्हणजे लेखणी. १९०७ मध्ये ‘कीचकवध’ आले. महाभारतातली सर्वांना ठाऊक असलेली कथा. पण प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला, युधिष्ठिराच्या सबुरीत मवाळ आणि भीमाच्या संतापात जहाल दिसले. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक लिहिले, त्यात या नाटकाची दखल घेतली. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

त्या वेळची हवा लक्षात घ्यायला हवी. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. ‘केसरी’ची जबाबदारी खाडिलकरांवर आली. खटले, जामीन, झडत्या यांनी चळवळीची माणसे पांगली. काल ज्यांच्याभोवती गर्दी होती त्यांना आज ओळख दाखवायला लोक बिचकत होते. दुसरीकडे रावबहादुरांच्या यादीत नाव यावे म्हणून धडपडणाऱ्यांचे दिवस आले होते. डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार जवळ येत होता. त्याच्या तयारीत कोण कुठे बसणार याची चर्चा घरोघर होती. लढा थांबला होता, आणि लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांचा भाव वधारला होता.

या काळात खाडिलकरांनी गद्य नाटक सोडून संगीत नाटक लिहायला घेतले. बंदीच्या भीतीने ते नरमले, असे काहींना तेव्हा वाटले असेल. प्रत्यक्षात त्यांनी वार करण्याची जागा बदलली.

किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला. कथा साधी आहे. धैर्यधर हा पराक्रमी सेनापती, पण गरीब. श्रीमंत घरची भामिनी त्याला केवळ गरिबीपायी नाकारते, आणि नाकारताना अपमान करते. तिच्यापुढे दुसरा पर्याय आहे लक्ष्मीधराचा : घरात पैसा, अंगावर दागिने, तोंडात शौर्याच्या बाता आणि छातीत धडधड. अपमान झालेला धैर्यधर श्रीमंतीचाच तिरस्कार करू लागतो. पुढे भामिनीला त्याची योग्यता कळते, आणि वनमाला नावाची साधी गरीब मुलगी होऊन ती त्याच्यासमोर येते. लक्ष्मीधराचे पितळ उघडे पडते, दोघांचा अहंकार गळतो, आणि नाटक गोड होते.

वरून पाहिले तर हे एक प्रणयनाट्य. पण त्यातल्या सेनापतीकडे नीट पाहा. रणांगणावर त्याला कोणी हरवलेले नाही. त्याला जखम झाली आहे ती दिवाणखान्यात. देशासाठी जीव धोक्यात घालून आलेल्या माणसाला त्याच्या मिळकतीचा आकडा विचारला गेला, आणि तो आकडा कमी भरला. ही जखम त्याच्या स्वभावालाच वाकडे वळण देते. तो कडवट होतो, श्रीमंत दिसला की त्याचे डोके फिरते, समोरच्या माणसाचे मन पाहायचेच तो नाकारतो. खाडिलकरांनी नायकाला निर्दोष ठेवलेले नाही. भामिनीला संपत्तीचा गर्व आहे, तसा धैर्यधरालाही आपल्या दारिद्र्याचा आणि शौर्याचा गर्व चढतो. अपमान गिळलेल्या शूर माणसाच्या मनाचे हे निदान आहे, आणि ते औषध चाटवावे तसे मधातून दिलेले आहे.

आणि लक्ष्मीधर! हे पात्र म्हणजे खाडिलकरांचा खरा उपहास. कुठलीही जोखीम न घेता शूर म्हणवून घ्यायची हौस, संकट दिसले की पळवाट, आणि संकट टळले की पुन्हा छाती पुढे. १९११ च्या प्रेक्षकाला या पात्रासाठी फार लांब पाहावे लागत नव्हते. लक्ष्मीधराची भूमिका गणपतराव बोडसांनी केली. हसवणे आणि उघडे पाडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारा तो नट होता. ज्या सरकारने ‘कीचकवध’ बंद केले त्याला लक्ष्मीधरावर बोट ठेवता आले नाही, कारण तो राजद्रोह नव्हता. तो फक्त एक घाबरट श्रीमंत होता. त्याला पाहून आपलीच आठवण का होते, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

याच सुमाराच्या युरोपीय रंगभूमीकडे पाहिले तर एक गंमत दिसते. बर्नार्ड शॉचे ‘आर्म्स अँड द मॅन’ हे विनोदी नाटक १८९४ मध्ये लंडनला आले. त्यातला कसलेला शिपाई काडतुसांऐवजी चॉकलेट जवळ बाळगतो, आणि घोड्यावरून धावून जाणारा देखणा वीर शेवटी हास्यास्पद ठरतो. शॉ ज्या देशात लिहीत होता त्याच्या फौजा जगभर पसरल्या होत्या. तिथे युद्धाचे वेड उतरवणे हे विनोदाचे काम होते. खाडिलकर लिहीत होते ते हत्यार काढून घेतलेल्या लोकांसाठी. त्यांनी वीराची टर उडवली नाही. उसन्या वीराची उडवली. पराभूत समाजाला आपल्या खऱ्या शूर माणसांची ओळख पटावी आणि नकली माणसांचे हसू यावे, एवढे झाले तरी पुष्कळ, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

पहिल्या प्रयोगाची एक आठवण महाराष्ट्रात घरोघर सांगतात. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती, आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असे मंडळींना वाटले. बालगंधर्वांनी तो होऊ दिला आणि रंग लावून उभे राहिले. धैर्य या शब्दाचा अर्थ त्या रात्री पडद्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रीतीने उलगडत होता.

गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी नाटकाचे सोने केले. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग त्यांनी मराठी पदांत आणला. माळव्यात राहणाऱ्या, दोन्हीकडचे संगीत कानावर पडलेल्या आपल्या लोकांना ती पदे इतकी जवळची वाटतात त्याचे एक कारण हेही असावे. पण या सोन्याची एक किंमत द्यावी लागली. लोक गाणे ऐकायला येऊ लागले. वन्समोअरवर वन्समोअर पडू लागले, प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागले, आणि लक्ष्मीधराच्या संवादांतली धार दोन पदांमधली विश्रांती होऊन बसली.

खाडिलकर मात्र युद्धाचा विचार सोडून बसले नव्हते. १९१३ मध्ये ‘विद्याहरण’ आले. देव आणि दानव यांचे युद्ध, मेलेल्यांना उठवणारी संजीवनी, आणि ती विद्या जवळ असूनही मद्यापायी घात करून घेणारे शुक्राचार्य. दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, युरोपात खरेच महायुद्ध पेटले. खाडिलकरांनी पुण्याच्या ‘चित्रमय जगत्’ मासिकात त्या युद्धावर लेखमाला लिहिली. नकाशावर बोट ठेवून, कोणाची फौज कुठे आणि का अडली हे ते मराठी वाचकाला समजावून देत. ते युद्ध दूर नव्हतेच. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कुतच्या वेढ्यात १९१६ साली उपासमार होऊन शरण गेलेल्यांत त्याही होत्या. आपल्या होळकर संस्थानचे वाहतूक पथकही समुद्रापार गेले होते. तोफांच्या माऱ्याने शरीर धड राहूनही मन मोडलेल्या शिपायांसाठी १९१५ मध्ये वैद्यकाने ‘शेल शॉक’ असा शब्द काढला. आपल्याकडे परतलेल्या शिपायाला असा शब्दही मिळाला नाही. गावाने त्याला पदक विचारले, पेन्शन विचारली. रात्री झोप लागते का, हे क्वचितच कोणी विचारले असेल. शूराला त्याच्या मिळकतीवरून तोलण्याची जी खोड ‘मानापमान’मध्ये तीन-चार वर्षे आधी दाखवली गेली होती, ती अशी प्रत्यक्षात आली.

१९१६ चे ‘स्वयंवर’ आणि १९२० चे ‘द्रौपदी’ ही नाटके गंधर्व मंडळीने थाटात केली. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. पुढच्या वर्षी, जुलै १९२१ मध्ये, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला : भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. तिकिटांचे दर एरवीपेक्षा कितीतरी चढे होते, तरी थिएटर अपुरे पडले. श्रीमंतीचा ताठा उतरवणारे नाटक, आणि ते पाहायला श्रीमंतांनी मोजलेले पैसे देशकार्याच्या झोळीत! हा योग खाडिलकरांच्या विनोदबुद्धीला नक्कीच रुचला असेल. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव गेले.

टिळकांमागे खाडिलकरांनी ‘केसरी’ सोडला. काही काळ मुंबईत ‘लोकमान्य’ दैनिक चालवले आणि १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ सुरू केला. जहालांच्या तालमीत वाढलेला हा संपादक आता गांधीजींच्या मार्गाकडे वळला होता. जुन्या सहकाऱ्यांना ते रुचले नाही. पण शस्त्राचा कारखाना काढून पाहिलेल्या माणसाने नि:शस्त्र लढ्यातले धैर्य ओळखावे, यात विसंगती नाही. उलट धैर्य हत्यारात नसून माणसात असते, हे त्यांची नाटके आधीपासूनच सांगत होती. १९२९ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. पन्नाशी उलटून गेल्यावर भोगलेला हा तुरुंगवास. धैर्यधर लिहिणाऱ्याने धैर्याची परीक्षा स्वतः दिली, आणि तीही कसला गाजावाजा न करता.

१९३३ मध्ये नागपूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ‘सावित्री’, ‘त्रिदंडी संन्यास’ ही उत्तरकाळातली नाटके पूर्वीइतकी चालली नाहीत. बोलपट आले होते, संगीत नाटकाचे दिवस फिरले होते. शेवटची वर्षे त्यांनी सांगलीत अध्यात्माच्या चिंतनात घालवली. २६ ऑगस्ट १९४८ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य येऊन तेव्हा वर्ष झाले होते. ज्या लढ्यात आयुष्य गेले तो संपलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. आणि लढा संपल्यावर खुर्च्यांसाठी सुरू झालेली धावपळही त्यांच्या कानावर गेली असेल. लक्ष्मीधर कुठल्या वेशात येतो हे त्यांना नव्याने सांगायची गरज नव्हती.

खाडिलकरांच्या नाट्यकलेला मर्यादा होत्या. भाषा कधी कधी जड होते, तत्त्व आधी आणि माणूस मागून अशी ओढाताण होते, आणि ‘मानापमान’चा गोड शेवट आजच्या प्रेक्षकाला फार सोयीचा वाटू शकतो. भामिनीला आपली योग्यता सिद्ध करायला गरिबीचा वेश घ्यावा लागतो, धैर्यधराला मात्र तसे काही करावे लागत नाही, हेही आज खटकते. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. हरलेल्या, दबलेल्या काळात त्यांनी लोकांना रडवत ठेवले नाही. हसवले, आणि हसता हसता कोणाला मान द्यायचा नि कोणाचा काढून घ्यायचा, याचा विवेक जागा ठेवला.

जानेवारी २०२५ मध्ये या कथेवर मराठी चित्रपट आला, तेव्हा शंभरावर वर्षे उलटूनही तिची ओढ टिकून असल्याचे दिसले. आपल्या शहरात नाट्यगीतांचे कार्यक्रम होतात आणि श्रोते तृप्त होऊन घरी जातात. पुढच्या वेळी कार्यक्रम ठरवणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : दोन पदांच्या मध्ये लक्ष्मीधराचा एखादा प्रवेश वाचून दाखवावा. आपल्याकडे नट आहेत, वाचणारे आहेत, ऐकणारे तर आहेतच. पंधरा मिनिटे पुरतील. महिदपूरनंतर वसलेल्या राजधानीत, महूच्या छावणीपासून तासाभराच्या अंतरावर, तो प्रवेश ऐकताना कोण कोणाकडे पाहून हसतो, ते पाहण्यासारखे असेल.